रिकाम्या खोलीतली वायर

ताईच्या मोठ्या प्रिंटरमधून अर्धवट बाहेर आलेल्या नकाशावर नदी पुलाच्या थोडी अलीकडेच संपली होती. धाकटीनं वाकून ती कडा पाहिली. शाई फिसकटलेली नव्हती, रंग फिका पडत गेलेला नव्हता, कागदही चुरगळलेला नव्हता. निळी रेघ जिथं संपली तिथं ती पात्यानं कापल्यासारखी सरळ होती. म्हणजे प्रिंटर दमला नव्हता. त्याला सांगणाराच बोलता बोलता थांबला होता.

"काय म्हणतेय माझी नदी?" ताईनं दारातून विचारलं.

"नदीला काही झालेलं नाही. प्रिंटरही ठणठणीत आहे. घरातली यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीयेत."

"चला, म्हणजे त्यांनाही आपल्या घराण्याचं वळण लागलं."

धाकटी हसली नाही. हसली असती तर विषय तिकडेच गेला असता, आणि आज तिला तो विषय आपणहून काढायचा नव्हता.

ताई नकाशे काढायची. वरून घेतलेल्या छायाचित्रांवरून ओढे, उतार, पायवाटा शोधून ती अशा नेमकेपणानं कागदावर उतरवायची की तो भाग जन्मात न पाहिलेल्या माणसालाही तिथं उन्हात कुठं उभं राहावं आणि सावली कुठं मिळेल ते कळावं. धाकटीला आपल्या बहिणीचा या एका गोष्टीसाठी फार अभिमान होता. तो तिनं तोंडावर कधी बोलून दाखवला नव्हता, हा भाग वेगळा. ती स्वतः एका प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तपासायची. दुसऱ्यांची यंत्रं खरं बोलतात की नाही, हे पाहणं तिचं काम. लहानपणी ती वाटणीचा खाऊसुद्धा पट्टी लावून मोजून घ्यायची, म्हणून ताईनं तिचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं. केस पिकायला लागले तरी ते सुटलं नव्हतं.

ताईचं घर अरुंद आणि उंच होतं, एकावर एक रचलेल्या डब्यांसारखं. खाली स्वयंपाकघर आणि बसायची जागा, मध्ये झोपायची खोली आणि प्रिंटर, सगळ्यात वर कामाची खोली आणि तिला लागून एक रिकामी खोली. भाऊजी गेल्यापासून ताई तिथं एकटीच राहत होती. गेल्या वर्षी ती जिन्यावरून पडली. मनगटावर निभावलं. तेव्हापासून धाकटीचं एकच पालुपद होतं, की ताईनं हे घर सोडावं आणि आपल्याकडे राहायला यावं. ताईचं म्हणणं बरोब्बर उलटं. वरची खोली रिकामीच आहे, तूच ये की इकडे. धाकटी त्यावर "बघू" म्हणायची. हे 'बघू' भाऊजी असल्यापासून चालू होतं.

शेवटी वैतागून ताईनं शब्द दिला होता. "ज्या दिवशी या घरात माझं काम चालायचं थांबेल, त्या दिवशी येईन तुझ्याकडे. मुकाट्यानं. बॅगसुद्धा माझी मी भरेन."

आणि आज सकाळी ताईचाच फोन आला होता, काम थांबलंय म्हणून. धाकटीला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. अवजारांची पेटी उचलून ती शहराच्या या टोकाला आली तेव्हा दोन्ही भावना बरोबर होत्या.

"एक विचारते," ताई म्हणाली. "तू दुरुस्त करायला आलीयस, की मी हरले म्हणून शिक्का मारायला?"

"आधी बघते. मग सांगते."

"खोटं नाही ना सांगणार?"

"माणसांच्या बाबतीत सांगेन. यंत्रांच्या बाबतीत नाही."

"माहितेय. म्हणून तर तुला बोलावलं. नाहीतर वायफायवाला काय, एका हाकेवर येतो."

धाकटी कामाला लागली. ताईच्या घरात दोन तऱ्हेची यंत्रं होती. वरचा मोठा कॉम्प्युटर आणि मधला प्रिंटर वायरीनं जोडलेले. खालचा लॅपटॉप आणि फोन हवेतून, वायफायवर. ताई लॅपटॉपवरून हुकूम सोडायची आणि प्रिंटर छापायचा. हे चालायचं तर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो, आणि तो वाटायचं काम घरात एकानंच करायचं असतं. दोघं वाटायला लागले की एकाच घरात दोन गल्ल्या होतात आणि एका गल्लीतून दुसरीत जायला दार राहत नाही. तिनं लॅपटॉपचा पत्ता पाहिला, मग प्रिंटरचा. दोन गल्ल्या. नदी छापली जात असतानाच मध्ये प्रिंटरचा पत्ता बदलला होता.

कारणही लगेच सापडलं. वायफाय वरपर्यंत पोचत नाही म्हणून ताईनं एक नवा राउटर आणून मधल्या मजल्यावर लावला होता. धाकटीनं तो उचलून उलटा केला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिला हसू आलं.

"ताई, या वायरी कुठल्या हिशेबानं खोचल्यास?"

"दिशेच्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? वरच्या खोलीची वायर उत्तरेकडून येते, ती उत्तरेच्या भोकात. बाहेरची वायर पूर्वेकडून येते, ती पूर्वेच्या. डबा नीट दिशेला लावून ठेवला होता मी. तू फिरवलास."

"या भोकांना दिशा नसते गं."

"सगळ्याला दिशा असते. तुमच्या शास्त्रात शिकवत नसतील."

नकाशे काढणाऱ्या बाईखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. बाहेरून येणारी वायर साध्या भोकात आणि आत जाणारी, बाहेरच्या वायरीसाठी राखलेल्या मानाच्या भोकात, त्यामुळे खालचा जुना राउटर आणि हा नवा, दोघंही स्वतःला घरातला कर्ता समजून पत्ते वाटत बसले होते. धाकटीनं वायरी बदलल्या, नव्या राउटरचं वाटप बंद केलं आणि सगळी यंत्रं एकदा बंद करून पुन्हा चालू केली.

लॅपटॉप जुन्या गल्लीत आला. फोन आला. वरचा कॉम्प्युटर आला नाही. प्रिंटरही नाही.

तिनं त्यांचे पत्ते पुन्हा पाहिले. ते जुन्या राउटरनं दिलेले नव्हते. नव्यानंही नाही. ती तिसरीच गल्ली होती.

एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं, ही तिची पद्धत. तिनं नवा राउटर काढून टेबलावर ठेवला. फरक पडला नाही. मग खाली जाऊन जुना राउटरही बंद केला. आता घरात पत्ते वाटणारं काहीच चालू नव्हतं. वर येऊन तिनं मोठ्या कॉम्प्युटरला आपला पत्ता टाकून द्यायला आणि नवा मागायला सांगितलं. हवेत विचारल्यासारखंच होतं ते. पण पत्ता आला. इतक्या चटकन आला की तिनं पुन्हा एकदा करून पाहिलं.

प्रयोगशाळेत यापेक्षा हळू पत्ते मिळायचे.

"ताई, घरात असा अजून एखादा डबा आहे? भाऊजींनी कुठं लावून ठेवलेला?"

"त्यांनी?" ताई खुर्चीत मागे रेलून हसली. "अगं, त्यांना एक खिळा मारायचा तर दोन बोटं आणि एक भिंत खर्ची पडायची. वायरी आधीपासूनच होत्या घरात. आम्ही आलो तेव्हा भिंती कोऱ्या होत्या आणि वायरी आत."

"घालणारा कोण होता?"

"बांधणाऱ्याला विचारलं होतं यांनी. तो म्हणाला, आम्ही फक्त दिव्यांच्या घातल्या."

वायरी जिथं एकत्र येत तो छोटा स्विच मधल्या मजल्यावरच्या कपाटात, चादरींच्या मागे होता. अशा कपाटात काय दिसतं हे धाकटीला पाठ होतं. गुंता, धूळ, चिकटपट्टी, कुणीतरी घाईनं मारलेली गाठ. तिनं चादरी बाजूला केल्या आणि टॉर्च लावला.

वायरी विंचरल्यासारख्या होत्या. एकमेकींना खेटून खाली उतरत होत्या, एकाच ठिकाणी, एकाच गोलाईनं वळत होत्या. बांधलेल्या पट्ट्यांची तोंडं सगळी एका बाजूला, आणि कापलेली टोकं हाताला लागू नयेत अशी आत वळवलेली. धाकटीनं नकळत त्यांवरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिनं उघडलेल्या प्रत्येक झाकणाखाली तिला कुणाचा ना कुणाचा आळस भेटला होता.

स्विचमध्ये चार वायरी होत्या. एक राउटरची, एक प्रिंटरची, एक वरच्या कॉम्प्युटरची. चौथी तिला माहीत नव्हती. तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे दुसऱ्या टोकाला काहीतरी चालू होतं.

"काढून बघ की," ताई मागून म्हणाली.

"दुसरं टोक माहीत नसलेली वायर काढायची नाही. आमच्याकडे नियम आहे."

"तुमच्याकडे श्वास घ्यायचाही नियम असेल."

"आहे. हळू घ्यायचा. तराजू हलतो."

पेटीत वायर शोधायचं एक साधन होतं. त्याचा चिमटा वायरीला लावायचा आणि पेनासारखी कांडी भिंतीवरून फिरवायची. आत जिथं ती वायर असेल तिथं कांडी चिवचिवते. धाकटी कपाटापासून निघाली. ताई चहाचे दोन पेले घेऊन मागोमाग.

सहसा भिंतीतली वायर जवळची वाट धरते, तिरपी जाते, अडलं की कशीही वळते. ही ओळंब्यानं लावल्यासारखी सरळ वर गेली. जिन्याच्या भिंतीला लागली तरी हातभर उंचीवरून, पायऱ्यांच्या चढाला धरून निमूट वर चढत राहिली. वळणाच्या जरा अलीकडे चिवचिव थांबली. धाकटीनं कांडी वर नेली, खाली आणली. आवाज पायरीपासून वीतभर उंचीवर सापडला. वायर तिथं खाली उतरली होती, एका पायरीभर तशीच जमिनीलगत गेली होती आणि मग पुन्हा वर चढून आपल्या उंचीवर आली होती.

"इथं काय अडलं असेल हिला?" धाकटी स्वतःशीच म्हणाली. भिंत ठोकून पाहिली. सगळीकडे सारखाच आवाज.

धाकटीनं मान वळवून पाहिलं. ताई चहाचे पेले धरून त्या पायरीकडे बघत होती.

"इथंच पडले होते मी," ती म्हणाली. "डोकं इथं होतं. भिंतीशी."

चहा निवत होता. ताईनं एक पेला तिच्या हातात दिला.

"त्या दिवशी तू आलीस कशी गं?"

"कशी म्हणजे? तूच फोन लावलास. वरच्या कॉम्प्युटरवरून. उचलला तर तुझा चेहराच नाही, नुसती खुर्ची. मी ओरडले, तू ओ दिली नाहीस, म्हणून धावत आले."

"मी इथं पडले होते. वर कशी गेले असते?"

धाकटीनं पेला पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू मोजायला बसली असतीस," ताई शांतपणे म्हणाली. "आणि मला ते मोजून नको होतं."

वायर वर गेली, कामाच्या खोलीचं दार ओलांडून रिकाम्या खोलीत शिरली आणि कपाटामागे थांबली. दोघींनी मिळून कपाट सरकवलं. मागे भिंतीत एक पांढरी पट्टी होती आणि तिच्यात वायर खोचायचं एक भोक. भोक मोकळं होतं. त्यात काहीही खोचलेलं नव्हतं. पलीकडे बाहेरची भिंत, आणि कांडी तिच्यावर मुकी.

म्हणजे वायर इथंच संपत होती. आणि खाली तिचा दिवा लागलेला होता.

धाकटीनं स्क्रू काढून पट्टी पुढे ओढली आणि ती जमिनीवर मांडी घालून बसलीच. आतल्या आठ बारीक तारा ठरल्या रंगांच्या क्रमानं बसवलेल्या होत्या. त्यांचे पीळ अगदी शेवटपर्यंत राखलेले, जिथं एरवी सगळे थोडे सोडून देतात. एकाही तारेवर अवजाराचा ओरखडा नव्हता. आणि मागे, खाचेत, वायरीचा एक छोटा वेढा राखून ठेवला होता. उद्या कुणाला हे काम पुन्हा करायची वेळ आली तर त्याला वायर अपुरी पडू नये म्हणून. हा वेढा ठेवायला तिनं कितीजणांना किती वर्षं शिकवलं होतं. कुणी ठेवत नसे. ती स्वतःही घाईत असली तर ठेवत नसे.

तिला भीती अजून वाटत नव्हती. एखाद्याचं अक्षर पाहूनच तो माणूस आवडावा, तसं काहीतरी होत होतं.

"बरी आहेस ना?" ताईनं विचारलं. "स्थळं बघताना कुणाकडे एवढ्या कौतुकानं पाहिलं असतंस तर आज माझ्या मागे लागायला वेळ नसता मिळाला तुला."

"ताई, हे काम बघ. नुसतं बघ."

"मला काय कळतं त्यातलं?"

"तुझ्या नकाशांसारखं आहे. ज्यानं केलंय त्याला पुढे येणाऱ्या माणसाची काळजी आहे."

आपण हे तोंडावर बोलून गेलो, हे धाकटीच्या जरा उशिरा लक्षात आलं. ताई खिडकीकडे पाहत राहिली.

धाकटीनं पट्टी जागेवर बसवली, आपला लॅपटॉप आणला आणि एक छोटी वायर त्या भोकाला लावली. पत्ता आला. आता या तिसऱ्या गल्लीत कोण कोण राहतं ते बघायचं होतं. त्याची रीत सोपी असते. एकेका पत्त्यावर हाक मारायची आणि कोण ओ देतं ते पाहायचं. तिनं हाका सुरू केल्या. प्रिंटरनं ओ दिली. वरच्या कॉम्प्युटरनं दिली. पत्ते वाटणाऱ्यानं मात्र दिली नाही. जणू वाढणारा स्वतः पंगतीत बसत नव्हता.

मग आणखी एक ओ आली. धाकटीनं त्या यंत्राला नाव विचारलं.

यंत्रानं सांगितलं, कासव.

तिनं लॅपटॉपचा पडदा जवळ ओढला. कासव हे तिच्या स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरचं नाव होतं. फार हळू चालतो म्हणून तिनंच गमतीनं दिलेलं, आणि ते ताईलाही माहीत नव्हतं. तो कॉम्प्युटर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या टेबलावर होता. निघताना तिनं तो बंद केला होता, नेहमीसारखा प्लग काढला होता, वर फडकं टाकलं होतं.

नाव कुणीही काहीही देऊ शकतं. तिनं ओ यायला लागणारा वेळ पाहिला. हाक जितकी लांब जाईल तितकी ओ उशिरा येते, त्यात लबाडी करता येत नाही. शहर ओलांडून गेलेली हाक परत यायला जो वेळ लागतो तो तिला रोजच्या कामातून ठाऊक होता. ही त्याच्या कितीतरी आधी परतत होती. या हिशेबानं कासव इथंच होतं. याच वायरीवर, याच घरात. ताईच्या प्रिंटरइतकं जवळ.

तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा. प्रत्येक वेळी तीच तत्पर, नेटकी ओ.

"कुणाला फोन लावतेस?" ताईनं विचारलं.

"माझ्या शेजारच्या काकूंना. घराची किल्ली असते त्यांच्याकडे."

काकूंनी कुरकुर न करता कुलूप उघडलं. त्यांच्या चपलांचा आवाज धाकटीला फोनमधून आपल्याच घरात फिरताना ऐकू आला.

"हं, आले. काय बघू?"

"टेबलावरचा कॉम्प्युटर चालू आहे का?"

"छे गं. फडकंसुद्धा तसंच आहे."

"प्लग?"

"प्लग हा काय, खाली लोंबतोय. लावू का?"

"नको, नको. काकू, जरा मागे बघाल? इंटरनेटची वायर खोचतात तिथं?"

"थांब, चष्मा वर करते." थोडा वेळ नुसता श्वास. "हो, आहे की. बारकासा हिरवा दिवा आहे. लुकलुकतोय. किती छान दिसतोय गं."

धाकटी उठली. फोन कानाशी धरून जिना उतरली, त्या पायरीवरून जाताना नकळत भिंतीला हात टेकला, आणि मधल्या मजल्यावरच्या कपाटापाशी आली. चौथ्या वायरीचा दिवा चालू होता. दुसरं टोक आता माहीत झालं होतं. नियमाप्रमाणे वायर काढायला हरकत नव्हती.

तिनं क्लिप दाबली आणि वायर ओढून काढली.

"विझला गं," काकू म्हणाल्या.

वरून ताईची हाक आली. "अगं, सगळंच गेलं!"

गेलंच पाहिजे होतं, आणि क्षणभरात परत आलंच पाहिजे होतं. तिसरा वाटणारा गेला की यंत्रांनी जुन्या राउटरकडे पत्ता मागायचा, तो चालू केला की त्यानं द्यायचा. तिनं खाली जाऊन तो चालू केला. थांबली. वर जाऊन मोठा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. त्याचं म्हणणं, मला वायरच जोडलेली नाही. वायर जोडलेली होती. तिनं ती बदलली. मग तिच्याजवळच्या सगळ्या वायरी बदलून पाहिल्या. प्रिंटर मख्ख. लॅपटॉपवर वायफाय दिसेना.

घरात विलक्षण शांतता होती. इतका वेळ कसला आवाज होता ते तो थांबल्यावर कळावं, तशी.

"चालत नाही?" ताईनं विचारलं.

"नाही."

"करायचं ते सगळं केलंस?"

"केलं."

"खरं?"

"खरं."

ताईनं मान डोलावली. टेबलावरच्या कागदांच्या कडा उगीचच एकसारख्या केल्या. "बरं," ती म्हणाली. "ठरलं होतं तसं. भरते बॅग."

एक हात भिंतीवर ठेवत ती सावकाश जिना उतरली. मधल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. खण ओढल्याचा आवाज आला. धाकटी तिच्या मागोमाग उतरून पुन्हा स्विचपाशी उभी राहिली. ती जिंकली होती. खोटं न बोलता, कुणाला न फसवता.

तिच्या डोळ्यांसमोर आपलं घर आलं. नीट आवरलेलं टेबल, फडक्याखालचं यंत्र, दोन खुर्च्या आणि दोन बायका. तिथं ताई पडली तर धाकटी प्रयोगशाळेत असणार. आणि धाकटी पडली तर? आजवर पडली असती तर? कुणी लावला असता फोन?

वायर तिच्या हातात होती. टोकावरच्या आठ पिवळ्या ठिपक्यांवर एकही डाग नव्हता.

क्लिप बसल्याचा बारीक आवाज आला. आपण ती खोचली, हे तिला त्या आवाजावरून कळलं.

"लागला," काकू म्हणाल्या. फोन चालूच राहिला होता. "आणि आता लुकलुकत नाहीये गं. नुसता लागून राहिलाय."

शेजारी प्रिंटर घरघरला. वर मोठ्या कॉम्प्युटरचा पंखा फिरू लागला. धाकटीनं ताईचा लॅपटॉप उघडला. वरच्या यंत्रातले नकाशे त्यात दिसत होते, प्रिंटर दिसत होता, ताईचा फोनही दिसत होता. वायरीची आणि बिनवायरीची सगळी यंत्रं एकाच गल्लीत आली होती. तिसऱ्या.

जुना राउटर चालू होता, पण त्याला आता कुणी काही विचारत नव्हतं.

दिलेला पत्ता किती काळ टिकणार, तेही यंत्र सांगतं. पत्ते उसने असतात, मुदत संपली की पुन्हा मागायचे असतात. ताईच्या लॅपटॉपला एका दिवसाची मुदत होती. फोनला एका दिवसाची. प्रिंटरला तेवढीच.

तिनं कासवाला विचारलं.

तिथं तारीख नव्हती. तिथं लिहिलं होतं, कायम.

धाकटी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिली. काम चोख होतं. कुठंही घाई नव्हती, ओरखडा नव्हता.

"कुणाशी बोलतेयस?" ताई दारात उभी होती. दुखऱ्या हातात छोटी बॅग, दुसऱ्या हातात गुंडाळलेले नकाशे. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच. "चल बाई मोजपट्टी. शब्द म्हणजे शब्द. दिवे तू बंद कर, मला नाही जमायचं."

धाकटीनं फोन बंद केला. पुढे होऊन ताईच्या हातातली बॅग घेतली आणि खाली ठेवली.

"ताई," ती म्हणाली, "तू कुठं जायचं नाहीस. मीच येते इथं राहायला."